कोल्हापूरच्या आकाशातील आयनांबर आणि भूचुंबकीय वादळे : मापन प्रकल्पाच्या नोंदी, २०२४

भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्याकडून आलेल्या भारित कणांच्या झोताने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारी खळबळ, आले की चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, नेमके काय बदलते, हे आपल्या गच्चीवरून आणि आपल्या खर्चाच्या आवाक्यातील उपकरणांनी मोजता येते का, हे पाहण्यासाठी महाविद्यालयातील भौतिकशास्त्र विभागाच्या आम्ही काही जणांनी हे काम हाती घेतले. असे काम करू पाहणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून काय बिघडले, काय दुरुस्त केले आणि पैसा व वेळ कुठे गेला, ते त्या त्या तारखेला लिहून ठेवले आहे.

४ फेब्रुवारी २०२४

जागेचा विचार आधी केला. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, परंतु आयनांबराला भौगोलिक विषुववृत्तापेक्षा चुंबकीय विषुववृत्ताशी, म्हणजे जेथे चुंबकीय बलरेषा जमिनीला समांतर असतात त्या रेषेशी, अधिक कर्तव्य असते आणि भारतात ते अगदी दक्षिण टोकाजवळून जाते. केरळमधील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातले पहिले संशोधन रॉकेट उडाले, ती जागा निवडण्यामागे हेच कारण होते. त्या रेषेपासून मोजले तर कोल्हापूर सुमारे १० ते ११ अंश उत्तरेला येते. दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर पूर्वेकडे जाणारे विद्युत्क्षेत्र आयनांबरातील प्लाझ्मा, म्हणजे भारित कणांचा वायू, वर उचलते, तो चुंबकीय बलरेषांवरून दोन्ही बाजूंना घसरतो आणि सुमारे १५ अंशांवर दाट पट्टे तयार होतात. आपल्याकडे उत्तरेचा दाट पट्टा गुजरात आणि मध्य प्रदेशच्या डोक्यावर असतो. कोल्हापूर त्या पट्ट्याच्या अलीकडच्या उतारावर आहे.

या जागेचा एक विशेष फायदा आम्ही हिशेब करून पाहिला. कोल्हापूरवर ३५० किलोमीटर उंचीवरून जाणारी बलरेषा दक्षिणेकडे माग काढत नेली, तर चुंबकीय विषुववृत्तावर ती साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर उंचीवर पोहोचते. सूर्यास्तानंतर विषुववृत्तावर जे विरळ प्लाझ्माचे बुडबुडे तयार होऊन वर चढतात, ते एवढ्या उंचीपर्यंत चढले तरच त्यांचा परिणाम कोल्हापूरच्या डोक्यावर दिसतो. खालीच राहिले तर चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या, तमिळनाडूतील तिरुनेलवेलीला दिसतील, येथे दिसणार नाहीत. म्हणजे येथे उपग्रहाचा संकेत थरथरला, तर बुडबुडा बराच उंच गेला होता, एवढे निश्चित सांगता येते. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे निरीक्षण केंद्र आहे, ते उगाच नाही.

उपकरण म्हणून यू-ब्लॉक्स कंपनीचा झेडईडी-एफ९पी हा दोन वारंवारतांचा जीएनएसएस ग्राहक, म्हणजे जीपीएससारख्या दिशादर्शक उपग्रहांचे संकेत पकडणारा संच, घेतला. बोर्डाला सुमारे २३,००० रुपये, अँटेनाला ६,००० आणि रास्पबेरी पाय, मेमरी कार्ड व वीजपुरवठा मिळून ७,५०० रुपये लागले. सिंटिलेशन, म्हणजे संकेताची थरथर, मोजणाऱ्या खऱ्या ग्राहकाची किंमत कित्येक लाखांत जाते, त्यामुळे या उपकरणाच्या मर्यादा सांभाळूनच पुढचे काम करायचे ठरले.

१८ फेब्रुवारी २०२४

अँटेना गच्चीवर बसवली आणि पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी ठरावीक उपग्रहांचे संकेत जोराने खालीवर होताना दिसले. सर्वांना आनंद झाला, परंतु आलेख एकाखाली एक लावल्यावर तो मावळला. तोच नमुना रोज सुमारे चार मिनिटे आधी येत होता. जीपीएसचे उपग्रह नाक्षत्र दिवसानुसार त्याच जागी परत येतात, म्हणजे घड्याळाच्या दिवसापेक्षा जवळजवळ चार मिनिटे लवकर. म्हणून जो बदल रोज चार मिनिटांनी अलीकडे सरकतो तो आयनांबराचा नसून आजूबाजूच्या वस्तूंवरून येणाऱ्या परावर्तनाचा असतो. येथे परावर्तन शेजारच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या लोखंडी चौकटीवरून होत होते.

उपाय म्हणून उद्यमनगरातील एका कारखान्यात अॅल्युमिनियमचा गोल पत्रा कातून घेतला, तो अँटेनेखाली बसवला आणि खांब टाकीच्या वर येईल इतका उंच केला. क्षितिजापासून ३० अंशांच्या खालचे सर्व उपग्रह हिशेबातून काढून टाकले. माहिती निम्मी झाली, पण उरलेली विश्वासाची झाली. नवीन केंद्र उभारणाऱ्याने पहिले दोन आठवडे निकालाकडे न पाहता फक्त हा चार मिनिटांचा सरकता नमुना शोधण्यात घालवावेत, असे आमचे ठाम मत आहे.

३ मार्च २०२४

मेमरी कार्ड खराब झाले आणि आठवड्याभराची नोंद गेली. आता माहिती यूएसबी डिस्कवर लिहिली जाते आणि दर तासाला नवी फाइल उघडते, त्यामुळे वीज गेली तरी फार तर एका तासाचे नुकसान होते. वेळ सर्वत्र जागतिक वेळेत लिहायची, असा नियमही आजच केला. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि कोल्हापूर ७४.२५ अंशांवर, म्हणून येथील सौरवेळ घड्याळापेक्षा ३३ मिनिटे मागे असते. सूर्यास्तानंतरच्या पहिल्या तासात आयनांबराचे सारे भवितव्य ठरत असताना हा फरक दुर्लक्षून चालत नाही.

१६ मार्च २०२४

आज जे दिसले ते परावर्तन नाही याची खात्री करण्यासाठी गगनच्या उपग्रहांचा आधार घेतला. विमानांच्या दिशादर्शनासाठी असलेल्या या प्रणालीचे संकेत भूस्थिर उपग्रहांवरून येतात, त्यामुळे ते आकाशात हलत नाहीत आणि दृष्टिरेषा आयनांबराला नेहमी त्याच ठिकाणी छेदते. कोल्हापुरातून जीसॅट-८ नैर्ऋत्येला सुमारे ६० अंश उंचीवर, तर जीसॅट-१० दक्षिण-आग्नेयेला सुमारे ६८ अंशांवर आहे. ३५० किलोमीटर उंचीवर या दोन दृष्टिरेषांमधील पूर्व-पश्चिम अंतर जवळजवळ २०० किलोमीटर भरते.

संध्याकाळी साडेआठच्या सुमारास आधी जीसॅट-८ चा संकेत थरथरू लागला. जीसॅट-१० अगदी स्थिर होता. अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ गेला आणि जीसॅट-१० तसाच थरथरू लागला, तेव्हा जीसॅट-८ शांत होत आला होता. बुडबुडे संध्याकाळी पूर्वेकडे साधारण सेकंदाला १०० मीटर वेगाने वाहतात. २०० किलोमीटर अंतर त्या वेगाने पार करायला सुमारे ३३ मिनिटे लागतात. संगणकासमोर बसलेल्या दोघा विद्यार्थ्यांनी हा हिशेब तिथेच वहीवर मांडला, आणि एखादी अदृश्य वस्तू आपल्या डोक्यावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेली हे आकड्यांतून उमगण्याचा अनुभव त्यांना आणि मलाही मोलाचा वाटला.

एक मर्यादा नोंदवली पाहिजे. हा ग्राहक संकेताची तीव्रता पूर्ण डेसिबलमध्येच देतो, मधले अंश देत नाही. त्यामुळे तीव्रतेतील चढउताराला सरासरी तीव्रतेने भागून मिळणारा एस४ निर्देशांक काढला, तरी आकाश पूर्ण शांत असतानाही तो ०.०६ ते ०.०७ च्या खाली येत नाही. आम्ही ०.२ च्या खालचा आकडा शून्यच मानतो, आणि आमच्या आकड्याला संशोधन ग्राहकाच्या एस४ ची बरोबरी देत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आजची रात्र चुंबकीयदृष्ट्या शांत होती. बुडबुडे दिसले म्हणजे वादळ असले पाहिजे, हा समज अनेकांचा असतो आणि तो चुकीचा आहे. भारतीय रेखांशांवर मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या विषुवकाळांत बुडबुडे शांत रात्रीही नेहमी येतात, विशेषतः सौरचक्राच्या शिखराजवळ, आणि सध्याचे २५ वे सौरचक्र शिखराजवळ आहे. वादळ त्यांना आणूही शकते आणि येणारे थांबवूही शकते.

३० मार्च २०२४

उपग्रहापासून ग्राहकापर्यंतच्या वाटेवरील एकूण इलेक्ट्रॉन संख्येचा, म्हणजे टीईसीचा, आलेख नीट पाहिला असता सर्वांत रंजक जागा कोऱ्या आढळल्या. जेथे एस४ वाढला होता नेमक्या तेथेच टीईसीची रेषा तुटत होती. कारण शोधायला बराच वेळ गेला. दोन वारंवारतांच्या वाहक लहरींच्या फरकावरून टीईसी काढतात. एक टीईसीयू, म्हणजे चौरस मीटरमागे १०^१६ इलेक्ट्रॉन, या फरकात सुमारे साडेदहा सेंटीमीटरची भर घालतो. ग्राहकाची लहरींवरील पकड सुटली तर या फरकात उडी येते आणि अशा उड्या गाळण्यासाठी आज्ञावलीत गाळणी ठेवलेली असते. आमची गाळणी ३० सेकंदांच्या नोंदींसाठी लिहिली होती आणि १५ सेंटीमीटरपेक्षा मोठा बदल ती बिघाड समजत होती. बुडबुड्याच्या कडेवर टीईसी मिनिटाला कित्येक टीईसीयूने कोसळतो, म्हणजे अर्ध्या मिनिटात तो बदल १५ सेंटीमीटरच्या सहज पुढे जातो. गाळणी बुडबुडाच काढून टाकत होती.

आता नोंद दर सेकंदाला घेतो आणि दोन सलग बदलांमधील फरक तपासतो. खरी घसरण सेकंदागणिक हळूहळू वाढते, तर पकड सुटल्याची उडी एकाच सेकंदात येते. त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात. या ग्राहकाबाबत आणखी एक अडचण आहे: तो दुसऱ्या वारंवारतेवर फक्त एल२सी हा नागरी संकेत पकडतो आणि जीपीएसचे जुने उपग्रह तो पाठवत नाहीत. अशा उपग्रहांवरून टीईसी मिळणार नाही, हे धरूनच चालावे.

२४ मार्चला मोठे वादळ येऊन गेले. त्या रात्रीची आमची माहिती आम्ही निष्कर्षांतून वगळली आहे. गाळणी सदोष होती, हे एक कारण. परंतु गाळणी चांगली असती तरी तुलनेसाठी पुरेशा शांत रात्री आमच्या हाती नव्हत्या, हे अधिक मोठे कारण आहे.

१४ एप्रिल २०२४

उन्हाळा सुरू झाल्यावर टीईसीचा दुपारचा आकडा संशयास्पद वाढला. ग्राहक गच्चीवरील पत्र्याच्या पेटीत होता आणि ती पेटी दुपारी हात लावता येऊ नये इतकी तापत होती. प्रत्येक ग्राहकाच्या आत दोन्ही वारंवारतांना लागणारा वेळ किंचित वेगळा असतो आणि तो फरक तापमानाबरोबर बदलतो. तो बदल टीईसी म्हणून आलेखात उतरतो. ग्राहक खाली खोलीत आणला आणि अँटेनेला कमी क्षय होणारी लांब केबल जोडली. तेव्हापासून पहाटे टीईसी सर्वांत कमी असताना आकडा दररोज जवळपास तेथेच येतो.

२१ एप्रिल २०२४

आता चुंबकमापक. वादळ केव्हा सुरू झाले, केव्हा तीव्र झाले आणि केव्हा ओसरले हे आपल्याच उपकरणावर दिसले, तर आयनांबरातील बदलाशी त्याचा मेळ घालणे सोपे जाते. आरएम३१०० हा संवेदक ३,२०० रुपयांना मिळाला. शहरात तो बसवण्यात अर्थ नव्हता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली, हा इतिहास या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. एका विद्यार्थ्याच्या चुलत्यांचे, तात्यांचे, पन्हाळ्याच्या वाटेवर केर्लीजवळ शेत आहे. उसाच्या बांधाशेजारी मीटरभर खोल खड्डा घेऊन पीव्हीसी पाइपात संवेदक ठेवला, म्हणजे दिवसरात्रीच्या तापमानाचा फरक तेथे फारसा पोहोचत नाही.

लोखंड टाळण्यासाठी पितळी स्क्रू आणले होते. बसवल्यावर शून्यरेषा स्थिर होईना, तेव्हा प्रत्येक स्क्रूजवळ चुंबक नेऊन पाहिला. त्यातील काही स्क्रू चटकन चिकटले. ते लोखंडी होते आणि त्यांच्यावर पितळेचा मुलामा होता. उद्यमनगरात समोर बसून भरीव पितळेच्या सळईतून नवे स्क्रू कातून घेतले. दुकानातून आणलेली प्रत्येक गोष्ट, अगदी केबल बांधायची तारसुद्धा, आधी चुंबकाने तपासावी. येथील बेसाल्ट खडक स्वतःच चुंबकित असतो, त्यामुळे क्षेत्राचे एकूण मूल्य आम्ही मोजतच नाही. खडक हलत नसल्यामुळे बदल मात्र बरोबर मिळतो आणि आम्हाला बदलच हवा आहे.

२८ एप्रिल २०२४

आलेखावर चौकोनी पायऱ्या दिसू लागल्या, त्याही कधी दुपारी आणि कधी मध्यरात्री. तात्यांना आलेख दाखवला. त्यांनी तो क्षणभर पाहिला आणि म्हणाले, “अहो, ही तर मोटर आहे. या आठवड्यात आम्हाला लाइट रात्रीची आहे.” शेतीपंपाचा थ्री-फेज पुरवठा काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असतो, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. तात्या पाणी पाजल्याची वेळ स्वतःच्या वहीत आधीपासूनच लिहीत आले आहेत. ती वही आता आमच्या माहितीचा भाग आहे, आणि संवेदक मोटरेपासून व केबलच्या चरापासून दूर, बांधाच्या दुसऱ्या टोकाला हलवला आहे. पायऱ्या जवळजवळ नाहीशा झाल्या. शांत दिवसाचा चुंबकीय क्षेत्रातील नेहमीचा फुगवटा, जो येथे दुपारच्या आधी सुमारे ४० ते ६० नॅनोटेस्लांपर्यंत जातो, तो आता स्वच्छ दिसतो.

जे वाचक हे करू इच्छितात त्यांनी एक मर्यादा लक्षात घ्यावी. चुंबकीय विषुववृत्तालगत सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर जो विद्युत्प्रवाहाचा अरुंद पट्टा, म्हणजे इलेक्ट्रोजेट, वाहतो, तो विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन अंशांपलीकडे जात नाही. कोल्हापूरच्या एकट्या चुंबकमापकावर तो मोजता येणार नाही. त्यासाठी तिरुनेलवेलीच्या नोंदीतून अलिबागची नोंद वजा करतात. आमचे उपकरण फक्त अलिबागच्या जागी उभे राहू शकते.

१२ मे २०२४

६ मेच्या वळवाच्या पावसात वीज कुठेतरी जवळ पडली आणि अँटेना निकामी झाली. ग्राहकाचा बोर्ड वाचला. नवी अँटेना मागवली होती, ती येण्याच्या आधी १० मेची रात्र आली. गेल्या दोन दशकांतील सर्वांत मोठे भूचुंबकीय वादळ त्या रात्री झाले आणि गच्चीवरील आमचे उपकरण बंद होते. ही हानी भरून येण्यासारखी नाही. अँटेनेसोबत वीजरोधक बसवायला सुमारे १,८०० रुपये लागले असते; तो खर्च पुढे ढकलल्यामुळे ६,००० रुपयांची दुसरी अँटेना घ्यावी लागली आणि ती रात्रही गेली.

शेतातील चुंबकमापक मात्र बॅटरीवर चालू होता. रात्री १० वाजून ३५ मिनिटांनी, म्हणजे जागतिक वेळेनुसार १७:०५ ला, रेषेने एकदम वर उसळी घेतली. सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या भारित कणांचा, धक्का पृथ्वीभोवतीच्या चुंबकावरणावर आदळला की ही उसळी जगभरच्या वेधशाळांत एकाच वेळी दिसते. त्यानंतर क्षितिजसमांतर क्षेत्र रात्रभर घसरत गेले. वादळाची तीव्रता सांगणारा, जपानमधील क्योतो येथून प्रसिद्ध होणारा डीएसटी निर्देशांक ११ मेच्या सकाळी उणे ४०० नॅनोटेस्लांच्या खाली गेला. लडाखमधील हानले येथून त्या रात्री ध्रुवीय प्रकाशाचा तांबडा रंग टिपला गेला, त्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या असतील. तात्यांच्या वहीत त्या रात्री मोटर बंद असल्याची नोंद आहे, म्हणून आलेखातील प्रत्येक चढउतार आकाशातील आहे असे खात्रीने म्हणता येते.

३० जून २०२४

पावसाळ्यात येथे बुडबुड्यांचा हंगाम नसतो, म्हणून हा काळ जुन्या माहितीवर घालवायचे ठरले. १७ मार्च २०१५ चे वादळ निवडले, कारण ते विषुवकाळात आले आणि त्याची तीव्र अवस्था भारतातील सूर्यास्ताच्या वेळेला गाठून होती. नासाच्या सीडीडीआयएस संग्रहात बंगळूर आणि हैदराबाद येथील केंद्रांच्या ३० सेकंदांच्या नोंदी मिळतात. फाइली हातानाका पद्धतीने संक्षिप्त केलेल्या असतात. त्या उलगडणारी छोटी आज्ञावली आधी चालवावी लागते, नाहीतर वाचक आज्ञावली काहीच न सांगता रिकामी फाइल देते. या एका गोष्टीत आमचे बरेच दिवस गेले. ३० सेकंदांच्या नोंदीवरून एस४ निघत नाही, परंतु टीईसी किती वेगाने बदलतो याचे पाच मिनिटांतील विचलन, म्हणजे आरओटीआय, निघते आणि ०.५ च्या पुढचा आकडा बुडबुड्याचा मानतात.

त्या दिवशी धक्का भारतीय वेळेनुसार सकाळी सव्वादहाच्या सुमारास आला. संध्याकाळी भारतात सूर्य मावळत असताना आंतरग्रहीय चुंबकीय क्षेत्र, म्हणजे सौरवाऱ्याबरोबर येणारे क्षेत्र, दक्षिणेकडे वळलेले होते. अशा वेळी ध्रुवीय प्रदेशातील विद्युत्क्षेत्र चुंबकावरणाच्या आतल्या भागाकडून अडवले जाण्याआधीच विषुववृत्तापर्यंत पोहोचते. दिवसाच्या आणि संध्याकाळच्या बाजूला त्याची दिशा पूर्वेकडे असते. सूर्यास्ताच्या वेळी आयनांबराचे स्वतःचे पूर्वाभिमुख क्षेत्र थोडा वेळ वाढतेच. दोन्ही एकत्र आल्यावर आयनांबराचा थर वेगाने वर चढला आणि त्या रात्री भारतावर जोरदार बुडबुडे उठले. आलेखात ते दोन्ही केंद्रांवर दिसतात.

दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, वादळ ओसरत होते, तरी संध्याकाळ विलक्षण शांत गेली. हंगाम तोच आणि आदल्या शांत रात्रींत बुडबुडे येत असताना या रात्री मात्र आरओटीआय हललाही नाही. याचे कारण वेगळे आहे. ध्रुवीय भागात वादळाने तापलेल्या विरळ हवेचे वारे काही तासांनी विषुववृत्ताकडे वाहू लागतात आणि ते निर्माण करतात ते विद्युत्क्षेत्र नेहमीच्या उलट असते: दिवसा व सूर्यास्ताला पश्चिमेकडे, रात्री उशिरा पूर्वेकडे. सूर्यास्ताचा उठाव त्याने दाबला गेला. त्याच कारणाने १८ तारखेला दिवसा प्लाझ्मा वर उचलला जाण्याची क्रियाही मंदावली आणि उत्तरेकडील दाट पट्टा विरळ झाला.

या दोन रात्री शेजारी ठेवल्यावर आमच्या प्रकल्पाची दिशा ठरली. डीएसटी किती खाली गेला एवढे पाहून कोल्हापूरच्या आकाशात काय होईल ते सांगता येणार नाही. दक्षिणाभिमुख क्षेत्र येथील सूर्यास्ताला आले की मध्यरात्री, आणि वादळ सुरू होऊन किती तास झाले, हे आधी विचारले पाहिजे. मध्यरात्री आले तर तेच आत शिरणारे क्षेत्र पश्चिमेकडे असते आणि थराला खाली ढकलते.

११ ऑगस्ट २०२४

जुलैच्या पावसात खड्ड्यात पाणी शिरले. पाइप बंद होता म्हणून संवेदक भिजला नाही, परंतु आलेखाची शून्यरेषा आठवड्यागणिक सरकत गेली आणि काही दिवस आम्ही ती संवेदकाचा बिघाड समजलो. तेथील काळी माती पाण्याने फुगली होती आणि तिने पाइप तिरपा केला होता. येथे क्षेत्राचा उभा घटक सुमारे १५,००० नॅनोटेस्ला आहे. पाइप अवघा ०.१ अंश कलला तरी त्यातले सुमारे २६ नॅनोटेस्ला क्षितिजसमांतर घटकात मिसळतात, म्हणजे शांत दिवसाच्या संपूर्ण फुगवट्याच्या निम्मा आकडा नुसत्या कलण्याने येतो.

खड्डा रुंद करून तळाशी आणि भोवती जाड वाळू भरली, म्हणजे फुगणारी माती पाइपाला थेट दाबत नाही. वाळूही चुंबकाने तपासली, कारण नदीच्या काळ्या वाळूत मॅग्नेटाइटचे कण असतात. चुंबक फिरवल्यावर त्याच्या टोकाला मिशांसारखा काळा झुपका लागला. ती वाळू परत केली आणि धुतलेली, फिकट रंगाची वाळू घेतली.

२२ सप्टेंबर २०२४

हंगाम पुन्हा सुरू झाला आणि जीसॅट-८ नंतर जीसॅट-१० हा क्रम पुन्हा दिसू लागला आहे. दोन्ही उपकरणे आता एकत्र चालू आहेत. शांत रात्र कोणती, हे आम्ही स्वतः ठरवत नाही. पॉट्सडॅमच्या जीएफझेड केंद्राकडून दर महिन्याचे सर्वांत शांत दिवस जाहीर होतात, तेच घेतो. प्रत्येक महिन्याच्या शांत दिवसांचा टीईसी मिनिटवार सरासरी करून ठेवला आहे आणि वादळाच्या रात्रीचा आकडा त्यातून वजा करूनच पाहतो. शेजारच्या महिन्याचा आधार घेऊन चालत नाही, कारण विषुवकाळात टीईसी दोन-तीन आठवड्यांतही बराच बदलतो. वादळाची बातमी आल्यावर उपकरण सुरू करणाऱ्याला काहीच हाती लागणार नाही. मोल आधीच्या कंटाळवाण्या, शांत रात्रींनाच आहे.

खर्चाचा हिशेब येथे देतो. वर लिहिलेल्या वस्तू, दुसरी अँटेना, वीजरोधक, शेतातील बॅटरी व सौरपटल यांचे सुमारे ४,५०० आणि पाइप, पत्रा, वाळू, कातकाम यांचे सुमारे ४,००० धरून एकूण ५६,००० रुपयांच्या आसपास गेले. पहिल्याच दिवशी वीजरोधक घेतला असता तर ५०,००० रुपयांत काम झाले असते. तात्यांनी जागेचे काही घेतले नाही.

आमच्या मापनातील सर्वांत मोठी उणीव उत्तरेकडील दुसऱ्या केंद्राची आहे. नाशिकवर ३५० किलोमीटर उंचीवरून जाणारी बलरेषा चुंबकीय विषुववृत्तावर ७५० ते ८०० किलोमीटर उंचीवर पोहोचते. तेथे कोणी असाच ग्राहक बसवला, तर कोल्हापूरला दिसलेला बुडबुडा नाशिकला दिसला की नाही, एवढ्यावरून तो किती उंच चढला याला खालची आणि वरची मर्यादा मिळेल, आणि वादळाच्या संध्याकाळी थर किती अधिक उचलला गेला ते शांत रात्रीशी ताडून पाहता येईल. गाळणीची सुधारलेली आज्ञावली, शांत रात्रींच्या सरासऱ्या आणि स्क्रूपासून वाळूपर्यंतची तपशीलवार यादी आम्ही अशा गटाला विनामूल्य देऊ. नाशिकला गच्ची मात्र पाण्याच्या टाकीपासून दूरची निवडावी.